जक्कयाचा हिशेब

बंधुभगिनींनो, ख्रिस्ती विश्वासात नीतिमान कोणाला म्हणावे आणि अनीतिमान कोणाला, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लूककृत शुभवर्तमानाचे १८ आणि १९ हे अध्याय सलग वाचले की ते चांगलेच जाणवते.

१८व्या अध्यायात येशू एक दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो. त्यात मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशमांश देतो, कोणाला लुबाडत नाही. यातले काहीच खोटे नसावे, कारण दाखल्यात त्याच्यावर लबाडीचा आरोप कुठेही नाही. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा. परूशाने आपल्या चांगुलपणाचे माप शेजारच्या माणसावरून घेतले आणि देवाकडे मागावे असे त्याच्याजवळ काही उरलेच नाही.

मात्र दाखला एवढ्यावरच सोडला, तर ऊर बडवला की सगळे फिटले, अशी सोयीची पळवाट सापडते. पुढच्याच अध्यायातला जक्कय ती बंद करतो.

यरीहो हे यार्देनेपलीकडून यरुशलेमेकडे जाणाऱ्या वाटेवरचे, खजूर आणि सुगंधी द्रव्यांसाठी नावाजलेले शहर होते. तिथला मुख्य जकातदार जक्कय श्रीमंत होता, यातच सारे आले. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करायचे आणि वरचे आपल्या घरी न्यायचे, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. म्हणून तर बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने, नेमून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, असे बजावले होते. आता जक्कयाने येशूपुढे उच्चारलेले शब्द नीट पाहा. अर्धे द्रव्य तो गरिबांना देतो आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करतो. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ६व्या अध्यायाप्रमाणे मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा, एवढ्याने काम भागत होते. म्हणजे १०० दीनार लुबाडले असतील, तर १२० द्यायचे. जक्कय ४०० देतो. चौपटीचा दंड निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात मेंढरू चोरून ते कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला सांगितला आहे. जक्कयाने तो आपण होऊन स्वतःला लावून घेतला, आणि माझ्या मते त्याचा पश्चात्ताप खरा ठरतो तो इथे.

परंतु क्रम विसरू नका. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले ते आधी. पैशाची गोष्ट निघाली ती नंतर. कृपा विकत मिळत नाही, हे प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात लिहितो आणि लगेच पुढे म्हणतो की सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली आहे. ही दोन वाक्ये वेगळी केली की विश्वास लंगडा होतो.

आपल्यापैकी कित्येक जण उपवासकाळात मांसाहार सोडतात, आणि ते चांगलेच आहे. पण त्याच महिन्यात घरकाम करणाऱ्या बाईंचे आजारपणातले खाडे कापले, ठरलेला पगार ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून लांबवला, तर लेवीयच्या १९व्या अध्यायातली आज्ञा आपण मोडली: मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी राहू द्यायची नाही. शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी पोहोचते, असे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले ते विश्वासणाऱ्यांच्याच मंडळीला.

१८व्या अध्यायात आणखी एक धनवान आहे. त्या अधिकाऱ्याला येशूने सर्वस्व विकून गरिबांना वाटायला सांगितले, आणि तो खिन्न झाला. जक्कयाने अर्धेच देऊ केले, तरी आज या घराला तारण प्राप्त झाले आहे, असे येशूने म्हटले. यात पक्षपात नाही. अधिकारी बाळपणापासून आज्ञा पाळत आला होता; त्याच्याकडे कोणाचे येणे असल्याचा उल्लेख नाही, आणि त्याला सोडायचे होते ते त्याचे स्वतःचे होते. जक्कयाच्या घरात मात्र दुसऱ्यांचे पैसे पडून होते, आणि ते ज्याचे त्याला पोहोचवल्यावाचून त्याला पुढे पाऊल टाकता येत नव्हते.