शिक्का आणि मोर्तब

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या तारखेवर शिक्कामोर्तब होतं, जागावाटपावर होतं, फार काय, सहलीच्या ठिकाणावरही होतं. शब्द एक वाटला तरी वस्तू दोन आहेत. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारा. मजकूर संपला की खाली छोटी मुद्रा उमटे, तिला म्हणत मोर्तब. तिच्यावर अक्षरं होती ‘मर्यादेयं विराजते’. पत्राची हद्द इथे संपली, आता कारकुनाने खाली एक ओळही घुसडायची नाही.

न्यायाधीश नेमताना आजही शिक्का लागतो. त्याचा हा मोर्तबाचा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो उमटला की नेमणाऱ्याचाही हात थांबतो.

यावरून अमेरिकेत एक खटला उभा राहिला होता. १८०१ चा मार्च. अध्यक्ष जॉन ॲडम्स निवडणूक हरलेले, ४ तारखेला थॉमस जेफरसन गादीवर येणार. जाता जाता ॲडम्सनी राजधानीच्या भागासाठी ४२ ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे किरकोळ दाव्यांचे न्यायाधीश, नेमले. सिनेटने ३ तारखेला मंजुरी दिली. सह्या झाल्या. राष्ट्राची मोठी मुद्रा परराष्ट्रमंत्र्याच्या ताब्यात असे. जॉन मार्शल यांनी ती उमटवली. पण घाईत काही सनदा वाटायच्याच राहिल्या! नव्या अध्यक्षांनी सांगितलं, आता देऊ नका.

विल्यम मारबरी हे असेच एक लटकलेले गृहस्थ. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरन्यायाधीश कोण? तेच जॉन मार्शल. ज्यांच्या कार्यालयातून सनद बाहेर पडली नाही, तेच निकाल द्यायला बसलेले. आज असं घडलं तर केवढा गहजब होईल!

१८०३ च्या निकालात मार्शल म्हणाले, सही होऊन मुद्रा लागली की नेमणूक पुरी झाली. कागद हातात पडला नाही म्हणून हक्क जात नाही. आणि लगेच पुढे म्हणाले, पण तो कागद द्यायला लावण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही, कारण ज्या कायद्याने हा अधिकार दिलाय तो कायदाच राज्यघटनेशी विसंगत आहे. कायदा रद्द करण्याची न्यायालयाची ताकद तिथे अशी प्रस्थापित झाली. मारबरींना मात्र ते पद मिळालं नाही ते नाहीच.

आपल्याकडे राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयासाठी अनुच्छेद १२४ आणि उच्च न्यायालयांसाठी २१७. दोन्हींत राष्ट्रपतींच्या सही-शिक्क्यानिशी अधिपत्र, म्हणजे नेमणुकीचा लेखी हुकूम, लागतं. कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवडमंडळाच्या, शिफारशीच्या बातम्या महिनोन्‌महिने चालतात, पण अधिपत्र निघेपर्यंत ती शिफारसच. शपथविधीला आधी हे अधिपत्र वाचून दाखवलं जातं, मग शपथ. ती घेतल्याशिवाय पदावर बसता येत नाही.

शिक्का आणि शपथ यांच्यामधल्या या फटीतच १९९२ मध्ये एक प्रकरण अडकलं. मिझोरम सरकारच्या विधी खात्यातल्या एका अधिकाऱ्यांची गुवाहाटी उच्च न्यायालयावर नेमणूक झाली होती. अधिपत्र निघालं होतं, सही होती, मुद्राही होती. एका वकिलाने हरकत घेतली की घटनेला हवी ती दहा वर्षांची न्यायिक पदावरची सेवा यांची नाहीच. शपथ थांबली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हरकत खरी ठरली आणि नेमणूक रद्द झाली. राष्ट्रपतींनी नेमलेल्या, शपथेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या न्यायाधीशाची पात्रता तपासण्याचं क्लेशदायक काम स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच आमच्यावर आलंय, असं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निकालपत्रातच लिहून ठेवलं आहे.

नमस्कार.