पहाटेची शिक्षा

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर घरंच कोसळली. अशा संकटातून वाचलेल्याला पुढं कितीतरी वर्षं एकच स्वप्न छळू शकतं: लेकरू हाक मारतंय आणि आपला पाय उचलत नाही.

कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला स्वप्नात बांधावर जप्तीची जीप दिसते. वाटणीच्या भांडणानंतर कुणाच्या स्वप्नात सख्ख्या भावाचा गळा आपल्याच हातात असतो. उठल्यावर त्याला भावाकडं बघवत नाही. पितर कोपले, करणी झाली, असं सांगणारे भेटतातच. पण स्वप्नात खून केला म्हणजे मनात खून होता, असं अजिबात नाही.

झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं. त्यात पापण्यांआड डोळे भरभर फिरतात, तो टप्पा ठसठशीत स्वप्नांचा. पहाटेकडं तो लांबत जातो, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात. ती खरी होतात म्हणून नव्हे. या टप्प्यात मेंदूतला भीती-रागाशी जोडलेला भाग, अमिग्डाला, जोरात चालतो आणि तारतम्य ठेवणारा, कपाळामागचा भाग मंदावतो. भावाशी न बोललेला राग मग थेट गळ्यापर्यंत जातो.

असं स्वप्न बदलता येतं. सगळ्यात भयंकर स्वप्न आधी घेऊ नका. मध्यम त्रासाचं निवडा, दिवसा वहीत लिहा आणि हवं तिथं फिरवा: जीपमधून जप्तीवाले नाही, मामा उतरतात, हातात लेकरांसाठी खाऊची पिशवी. हे नवं स्वप्न रोज १० ते २० मिनिटं जागेपणी डोळ्यांसमोर आणा. जुनं उगाळू नका. काही आठवडे लागतात. आणि झोपेसाठी दारू नको. पूर्वरात्री ती स्वप्नं दाबते, उत्तररात्री तीच उसळून येतात.

स्वप्नात मारताना खरोखरच हात चालत असेल, शेजारच्याला लागत असेल, तर मामला वेगळा. स्वप्नात शरीर लुळं ठेवणारी यंत्रणा तिथं बिघडलेली असू शकते. पन्नाशीनंतर ही पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, आगाऊ खूणही ठरू शकते. खाटेजवळचा विळा, कुऱ्हाड हलवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

‘मी जगूच नये’ असं जागेपणीही वाटू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.