स्टीम फ्रेमची किंमत कोण भरणार?

मित्रहो, १२ नोव्हेंबरला, स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम फ्रेम हा नवा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात गेम खेळायचं यंत्र, जाहीर केला. वजन सांगितलं, पडदे सांगितले, प्रोसेसर सांगितला, २०२६ च्या सुरुवातीला येईल असंही सांगितलं. किंमत तेवढी सांगितली नाही. आज, डिसेंबर २०२५ मध्ये आपण इथे बसलोय तेव्हाही ती जाहीर झालेली नाही. तरीही मी त्या किमतीवरच बोलणार आहे. आकडा आला की दोन दिवस सगळीकडे 'महाग आहे' किंवा 'परवडतोय' एवढीच चर्चा होईल. दुकानात मोजलेले पैसे हा हेडसेटच्या खर्चाचा एक भाग झाला. उरलेले पैसे कोण भरतं आणि त्या बदल्यात आपल्याकडून काय घेतं, हे विचारल्याशिवाय महाग-स्वस्त ठरवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

थोडं मागे जाऊ. २०१६ मध्ये फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलसचा रिफ्ट ५९९ डॉलरला आला आणि एचटीसी व्हाइव्ह ७९९ डॉलरला. दोन्हींना वर तगडा कॉम्प्युटर लागायचा, म्हणजे खरा खर्च आकड्याच्या दुप्पट तरी. चालवताना कॉम्प्युटर, वायर, मोबाईल यांपैकी काहीही न लागणारा पहिला स्वस्त हेडसेट म्हणजे मे २०१८ मधला ऑक्युलस गो, १९९ डॉलरचा. त्यात डोकं वळवलेलं कळायचं, पण तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत तर त्याला पत्ता नसायचा. पुढच्या वर्षी ३९९ डॉलरचा क्वेस्ट आला आणि ती उणीव गेली. मग ऑक्टोबर २०२० मध्ये क्वेस्ट २ आला, २९९ डॉलरला. पहिल्यापेक्षा वेगवान, जास्त स्पष्ट, आणि तरी १०० डॉलरने स्वस्त.

या क्वेस्ट २ पाशी जरा थांबायला हवं. आज हेडसेटची किंमत ऐकताना आपल्या डोक्यात जी पट्टी असते, ती याच २९९ ने आखलेली आहे. आणि ती पट्टी सरळ नव्हती. हेडसेट वापरायला फेसबुकचं खातं सक्तीचं होतं. ते खातं काही कारणाने बंद झालं, तर पैसे देऊन घेतलेलं यंत्र आणि त्यावरचे विकत घेतलेले गेम दोन्ही अडकून पडायचे. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये या सक्तीची चौकशी सुरू केली. तिथे फेसबुकने आपल्या हेडसेटची विक्री त्याआधीच थांबवली होती. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात, फेसबुक कंपनीचं नाव मेटा झालं त्याच कार्यक्रमात, झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं की आम्ही आमची यंत्रं खर्चाच्या किमतीला किंवा पदरचे पैसे घालून विकत राहू. इतकं स्पष्ट सांगितल्यावर त्या २९९ मध्ये फसवणूक होती असं कुणी म्हणू नये. पण तो यंत्राचा भाव नव्हता, हे मात्र लक्षात ठेवावं.

आपल्याकडे जिओफोन आला होता, आठवतो? २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत, आणि तीही परत मिळणारी. फोन कमाईसाठी नव्हताच, कमाई पुढच्या रिचार्जमध्ये होती. क्वेस्टचं गणित त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की मेटाचं रिचार्ज अजून पुरेसं सुरूच झालेलं नाही. हेडसेट बनवणाऱ्या त्यांच्या रिॲलिटी लॅब्ज विभागाचा तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज डॉलर होता, २०२३ मध्ये १६.१ आणि २०२४ मध्ये १७.७. या तोट्यात चष्मे आणि संशोधनही आहे, सगळा दोष हेडसेटवर टाकता येणार नाही. तरी जाहिरातींच्या उत्पन्नावर उभी असलेली कंपनी सोडली, तर असा खर्च वर्षानुवर्षं दुसरं कोण सोसेल?

आणि सोसणाऱ्यालाही कधीतरी थकवा येतो. १ ऑगस्ट २०२२ ला क्वेस्ट २ ची किंमत १०० डॉलरने वाढली. आधीच बाजारात असलेलं यंत्र दोन वर्षांनी महाग होणं, हे इलेक्ट्रॉनिक्समध्ये तोवर क्वचितच घडलं होतं. कंपनीने उत्पादन आणि वाहतुकीच्या वाढलेल्या खर्चाचं कारण दिलं. त्याच महिन्यात फेसबुक खात्याची सक्तीही गेली. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या होत्या असा माझा दावा नाही. ग्राहकाच्या हिशेबात मात्र त्या शेजारी-शेजारीच बसतात.

आता स्टीम फ्रेम. डोक्याच्या पट्ट्यासकट वजन ४४० ग्रॅम, बॅटरी डोक्याच्या मागच्या बाजूला. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साठवण २५६ जीबी किंवा १ टीबी. प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६० चा पडदा. यादी वाचण्यापेक्षा पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले ते बघा, त्यातून किमतीचा अंदाज जास्त येतो. पडदे महागड्या ओलेड जातीचे नाहीत, स्वस्त एलसीडी आहेत. आजूबाजूची खोली दाखवणारे कॅमेरे कृष्णधवल आहेत. मेटाच्या क्वेस्ट ३ मध्येही हे दृश्य रंगीत दिसतं, तेव्हा ही काटकसर ठरवून केलेली आहे. ज्याला टेबलावर आभासी बुद्धिबळ मांडायचंय त्याच्यासाठी हे यंत्र नाही. उलट डोळ्यांचा वेध घेणारे कॅमेरे दिलेत. घरच्या कॉम्प्युटरवरून गेम वायरलेस येत असताना तुमची नजर जिथे आहे तेवढाच भाग पूर्ण तपशिलात पाठवायचा, बाकीचा कमी तपशिलात, यासाठी ते आहेत. सोबत कॉम्प्युटरला जोडायचा ६ गिगाहर्ट्झचा वेगळा वायरलेस डोंगल येतो, म्हणजे घरातल्या राउटरच्या गर्दीत चित्र अडकत नाही. मला ही निवड फार आवडली. दहा गोष्टी अर्ध्यामुर्ध्या करण्यापेक्षा एक गोष्ट नीट करायची, असं धोरण त्यात दिसतं.

व्हॉल्व्हने पत्रकारांना सांगितलंय की फ्रेम त्यांच्या जुन्या इंडेक्स या हेडसेटपेक्षा स्वस्त ठेवण्याचा प्रयत्न आहे. इंडेक्सचा पूर्ण संच २०१९ मध्ये ९९९ डॉलरचा होता. म्हणजे छत कळलं, जमीन कळली नाही. अनेकजण ४९९ ची आशा धरून बसलेत. मला ती खोटी वाटते. स्टीमवरच्या विक्रीतून साधारण ३० टक्के वाटा व्हॉल्व्हला मिळतो, तेव्हा पदरमोड करणं त्यांना जमलं असतं. पण मेटा ज्या हातभाराने ग्राहकाला आपल्या दुकानात बांधून ठेवते, तसं बांधणं इथे नाही. फ्रेमवर स्टीमओएस, म्हणजे लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मालकाला त्यात हवं ते बसवायची मोकळीक आहे, अँड्रॉइडची ॲप्सही चालतात. ज्या यंत्रावर ग्राहक दुसऱ्याच्या दुकानातून खरेदी करू शकतो, त्यावर कुठली कंपनी मोठा तोटा सोसेल? त्यात मेमरीचे भाव. एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम भडकली आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्येच आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. १६ जीबी रॅमचं यंत्र बाजारात आणायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. माझा अंदाज ७०० च्या आसपासचा आहे, आणि ७९९ झाले तरी मी त्याला लूट म्हणणार नाही.

का नाही म्हणणार? ऑक्युलस गोचं पुढे काय झालं ते बघा. दोनच वर्षांत, २०२० मध्ये, कंपनीने त्याची विक्री थांबवायचं ठरवलं. पहिल्या क्वेस्टच्या सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये संपल्या. लोकांच्या कपाटातली यंत्रं चालू स्थितीत असूनही हळूहळू निरुपयोगी होत गेली. गोच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली, ऑक्युलसमधले नामांकित प्रोग्रामर जॉन कारमॅक यांच्या चिकाटीमुळे. त्यांनी कंपनीत राहून पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये गोचं कुलूप अधिकृतपणे उघडलं, ज्याला हवं त्याने त्यात स्वतःचं सॉफ्टवेअर टाकावं म्हणून. पण ही एका माणसाच्या आग्रहाने मिळालेली सवलत होती. फ्रेममध्ये तीच मोकळीक पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय तुम्ही स्टीमवर आधी घेतलेले गेम पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. ज्याच्याकडे दहा वर्षांचा संग्रह आहे, त्याच्यासाठी ही बचत किमतीतल्या फरकाहून मोठी ठरू शकते.

आता आपल्या खिशाकडे. व्हॉल्व्ह आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे विकत नाही, स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्रही विकलं नाही, आणि फ्रेमच्या जाहीर यादीतही भारत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या भावाला किंवा मावशीला 'येताना घेऊन ये' हाच मार्ग. डॉलर ९० रुपये धरला तर ७९९ डॉलरचे सुमारे ७१,९०० होतात. अमेरिकेतला विक्रीकर वेगळा, कारण तिथल्या छापील किमतीत तो धरलेला नसतो. २०२५ मध्ये येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नव्हतं, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के लागायचं, म्हणजे त्या हिशेबाने साधारण ८,४०० रुपये. तेही भरता येतील. अडचण पुढे आहे. लेन्सवर ओरखडा पडला, बॅटरी फुगली, कंट्रोलर बिघडला, तर इथे दाद मागायला जागा नाही. ग्रे मार्केटमधला, म्हणजे अनधिकृतपणे आणून विकणारा विक्रेता याच वस्तूचे लाखभर मागेल आणि तोंडी वॉरंटी देईल. त्या वॉरंटीवर पाच पैसेही लावू नका.

ज्यांच्या घरी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आणि भरलेलं स्टीम खातं आहे, त्यांनी थांबून फ्रेम घ्यावा असं मी सांगेन. ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही, त्यांचं गणित वेगळं आहे. फ्रेमचा प्रोसेसर मोबाईलमध्ये असतो तशा आर्म जातीचा, आणि स्टीमवरचे बहुतेक गेम इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले. ते फेक्स नावाच्या अनुवादक सॉफ्टवेअरमधून चालवावे लागतात आणि त्यात ताकद खर्च होते. हलके गेम पळतील, जड गेमचं स्वतंत्र चाचण्या आल्यावरच कळेल. अशा घरात आज हेडसेट हवाच असेल, तर मेटाचा क्वेस्ट ३एस घ्या, जो २०२५ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला मिळत होता. त्याच्या लेन्स जुन्या फ्रेनेल पद्धतीच्या, म्हणजे वर्तुळाकार खाचांच्या आहेत, पण चिप क्वेस्ट ३ चीच आहे. मेटाची पदरमोड अजून चालू आहे तोवर तिचा फायदा घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त त्यावर घेतलेले गेम दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर नेता येणार नाहीत, हे धरूनच किती गेम घ्यायचे ते ठरवा.