मीटरवरचा लाल दिवा

श्रोतेहो, नमस्कार. वैशाख लागला की आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो आणि पंखा, कूलर रात्रंदिवस सुरू राहतात. राहू द्या. या उन्हात लेकराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना गारवा हवाच.

पण ही वीज येते कुठून? भुसावळजवळ दीपनगरची धुरांडी आपण लहानपणापासून बघतोय. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो, आणि कार्बन डायऑक्साइड निघतो जवळपास एक किलो. कोळशाहून जास्त कसा? जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो, म्हणून. हाच वायू हवेत साठून ऊन आणखी तापवतो.

अमळनेरला मामींकडे गेले होते. कूलर जोरात, दारं-खिडक्या गच्च बंद, आणि सगळे घामाने चिंब. खिडकी उघडायला गेले तर मामी म्हणाल्या, "गार हवा भाईर निंघी जाई ना!" मी समोरची खिडकी वीतभर उघडली. दहा मिनिटांत खोली निवली. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. बंद खोलीत हवा दमट होते, मग पाणी उडतच नाही. खान्देशचं ऊन कोरडं आहे, म्हणून इथे कूलर जितकं काम करतो तितकं कोकणात कधीच करणार नाही. शिवाय त्याला एसीच्या मानाने फार थोडी वीज लागते. एसी घेण्याआधी मामींची खिडकी आठवा.

पंख्याचंही तसंच. जुना 75 वॅटचा पंखा रोज 15 तास फिरला तर महिन्याला सुमारे 34 युनिटं. नवा 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढ्याच वेळात 14 युनिटांच्या आत भागवतो. पंखा महाग पडतो, हे खरं. जो सगळ्यात जास्त फिरतो तेवढा एकच आधी बदला.

आज रात्री एक करा. घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर उभे राहा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर 3200 छापलंय, म्हणजे तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. आमच्याकडे फ्रिजचा प्लग काढल्यावरही तो थांबेना. शोधता शोधता सापडला टीव्हीमागचा सेट टॉप बॉक्स, हाताला चांगला कोमट लागत होता.