ताऱ्याचं पान

नमस्कार, श्रोतेहो.

एक बाई तळ्याकाठी बसली आहे. एक गुडघा जमिनीवर टेकलेला, दुसरा पाय पाण्यावर. दोन्ही हातांत घडे. एका घड्याचं पाणी ती तळ्यात ओततेय, दुसऱ्याचं मातीवर. मातीवरच्या पाण्याचे बारीक ओहोळ झालेत. डोक्यावर एक मोठा तारा आणि भोवती सात लहान.

टॅरो नावाच्या चित्रांच्या पत्त्यांतलं हे सतरावं पान. आई गेली त्या पावसाळ्यात घर खायला उठायचं, तेव्हा मैत्रिणीने पत्त्यांचा जोड हातात ठेवला. म्हणाली, "भविष्य नको विचारूस. नुसतं चित्र बघत बस." मी अजूनही तेवढंच करते. उत्तर इटलीत पंधराव्या शतकात हे पत्ते निघाले ते खेळण्यासाठी. भविष्य त्यांना फार पुढे चिकटलं.

माझ्याकडचा जोड १९०९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा छापला गेला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, ७८ चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. पण जोड ओळखला जाई तो वेट आणि प्रकाशक रायडर यांच्या नावाने. पामेलाबाईंचं नाव कितीतरी वर्षं मागेच राहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी काढलेल्या काठ्या बघा: झाडापासून तोडलेल्या, तरी पालवी फुटलेली! काठ्या, पेले, तलवारी, नाणी हे टॅरोतले बदाम-इस्पिकसारखे चार गट; ते म्हणजे अग्नी, जल, वायू, पृथ्वी, असं टॅरो वाचणारे बरेचजण मानतात. पंचमहाभूतं ऐकत वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटत नाही.

ताऱ्यानंतरचं पान चंद्राचं. त्याच्याकडे मला बघवत नसे. तळ्यातून नांग्यांचा एक जीव वर येतोय, काठावर कुत्रा आणि लांडगा तोंड वर करून उभे. एक माणसाळलेला, एक रानटी, आणि वाट दोघांच्या मधून जाते. त्या दिवसांत माझ्यात दुःख होतं तसा रागही होता, भावावरचा, स्वतःवरचा. दुःखाची लाज वाटत नव्हती, रागाची वाटायची. पामेलाबाईंनी लांडग्याला हाकललेलं नाही. बऱ्याच दिवसांनी ते माझ्या ध्यानात आलं, आणि त्या रात्री मी पोटभर रडले.

आईची तुळस तोवर पार वाळली होती. कुंडीतली माती इतकी टणक, की तांब्याभर पाणी घातलं तर कडेने वाहून खालच्या बशीत यायचं. चमच्याच्या दांड्याने माती उकरली आणि रोज सकाळी थोडं थोडं पाणी घालत राहिले. वाळक्या मंजिऱ्या तिथेच झडल्या होत्या. श्रावणात एका सकाळी वाकून पाहिलं, तर मातीत मोहरीएवढी हिरवी पानं. मोजली. अकरा रोपं होती.