खानदेशच्या उन्हात न्यूटचे घर

न्यूट हा शेपटी असलेला उभयचर प्राणी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पाण्यातली पालच वाटतो. मात्र त्याच्या अंगावर खवले नसतात आणि तो ओल्या, मऊ त्वचेतूनही श्वास घेतो. महाराष्ट्रात न्यूट निसर्गतः आढळत नाही. भारतात तो दार्जिलिंगपासून मणिपूर-नागालँडपर्यंतच्या डोंगरांतील पाणथळ जागी राहतो, आणि कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याला पाळण्याचा प्रश्नच येत नाही. यावल तालुक्यातील या घरात जी जोडी आपण पाहत आहोत, ती स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को येथे आढळणाऱ्या बरगडीदार न्यूटची असून पैदाशीतून आलेली आहे.

अठरा ते बावीस अंश तापमानाचे पाणी या प्राण्याला मानवते, आणि पंचवीसच्या वर ते फार काळ राहिले तर त्याची भूक मंदावते व रोग बळावतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो: पंधरा अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम असलेला प्राणवायू तीस अंशांना साडेसातवर येतो. ज्या प्रदेशात वैशाखात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेथे टाकीची जागा ठरवणे हेच मांडणीचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. येथे धाब्याच्या घरातील मधली खोली निवडली आहे, कारण जाड मातीच्या भिंतींमुळे बाहेरचा ताव आत पोहोचायला वेळ लागतो, आणि खिडकीचे ऊन काचेवर कधीच पडत नाही.

टाकीवर बसवलेला लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा घालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. चैत्र-वैशाखातील कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, पण आषाढातल्या दमट हवेत त्याचा जोर ओसरतो, आणि ऐन मे महिन्यात एकटा पंखा पुरा पडत नाही. त्या दिवसांसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, आणि वीज गेल्यावर ते चालवणारा इन्व्हर्टर, या दोन्हींची सोय नसेल तर खानदेशात न्यूट आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्फाच्या बाटल्या सोडल्याने तापमान झपाट्याने खाली-वर होते, आणि तो धक्का प्राण्याला सोसत नाही.

वाफ उडते, क्षार मात्र मागेच राहतात. बोअरचे पाणी मुळातच जड असल्यामुळे तूट भरून काढताना येथे साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरले जाते.

तीन फूट लांबीच्या या टाकीत सुमारे शंभर लिटर पाणी आहे. तळाशी बारीक, धुतलेली वाळू आहे. खडी मुद्दाम टाळली आहे, कारण भक्ष्यावर झडप घालताना न्यूट खडेही गिळतो. काळ्या पाषाणाचे गोटे नदीतून आणले आहेत. त्यांतील पांढऱ्या शिरांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले जाते, आणि जेथे बुडबुडे उठतात तो चुनखडीचा अंश असलेला गोटा बाजूला काढला जातो. लाकडाची मुळी उकळून, तिचा रंग उतरल्यावरच पाण्यात ठेवली आहे. तिच्या आडोशाला व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला दाट लावले आहेत, कारण न्यूटला लपायला जागा लागते आणि हीच झाडे पाण्यातील अमोनियाही शोषून घेतात. स्पंजचा फिल्टर इतका हळू चालतो की पाने जेमतेम हलतात. जोराचा प्रवाह या संथ पाण्यातल्या प्राण्याला थकवतो.

झाडे लावल्यावर टाकी काही आठवडे प्राणी न सोडताच चालवावी लागते. या काळात फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट चाचणीत शून्य येईपर्यंत थांबणे अवघड जाते, पण घाईने प्राणी सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणेच होय.

आता चिमट्यात धरलेले गांडूळ पाण्यात उतरते. न्यूट मान वळवतो, क्षणभर स्थिर राहतो आणि तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. जवळून पाहिले तर त्याच्या कुशीवर नारिंगी ठिपक्यांची रांग दिसते. शत्रूने पकडल्यास बरगड्यांची टोके याच ठिकाणी त्वचेबाहेर येतात. गांडुळे फवारणी झालेल्या केळीच्या बागेतली नसावीत, कारण कीटकनाशकाचा अंशही उभयचरांना घातक ठरतो.

झाकण घट्ट असावे, कारण न्यूट ओल्या काचेवरून सहज चढून जातो. बदललेले पाणी मात्र नाल्यात किंवा विहिरीत कधीही ओतू नये. सॅलमँडरांच्या, म्हणजे न्यूट ज्यात मोडतो त्या शेपटीवाल्या उभयचरांच्या, त्वचेवर वाढणारी एक बुरशी, जी २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखली, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आशियातून युरोपात पोहोचली आणि तेथील रानटी सॅलमँडरांचे कळप तिने संपवले. या घरात टाकीतून काढलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवून ते झाकून ठेवले जाते, आणि मगच मोरीत सोडले जाते.