कंपनी कुठलीही असो, तक्रार बेळगावात

नमस्कार मंडळी.

"कंपनी बेंगळूरची, माल पाठवणारा दिल्लीचा, पैसे गेले मुंबईच्या खात्यात आणि मी खानापूर तालुक्यातला. आता भांडायचं कुणाशी आणि कुठं?" बँकेत नोकरीला होतो तेव्हापासून हा प्रश्न मला लोक विचारतात. निवृत्त झाल्यावर जरा जास्तच विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो नसतो. आपलं काही होणार नाही, हे त्यानं घरून निघतानाच ठरवलेलं असतं.

आपल्या भागात हे का होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. 'हे काम इथं होत नाही, तिकडं जा' हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. शिनोळीला रस्त्याच्या एका बाजूला बेळगाव जिल्हा, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. चार पावलांत वीज कंपनी बदलते, जमिनीच्या उताऱ्याची लिपी बदलते, मोबाइलचं सर्कल बदलतं. इकडं गृहलक्ष्मीचे दोन हजार, तिकडं लाडक्या बहिणीचे दीड हजार. एवढं सगळं वेगळं असल्यावर तक्रारीचं ऑफिसही कुठंतरी लांबच असणार, असं माणूस गृहीत धरतो. कंपन्यांना हे गृहीत फार सोयीचं. विकताना त्यांना कुठलीच सीमा दिसत नाही. येळ्ळूर, कडोली, निपाणी, भालकी, सगळीकडे डिलिव्हरीचा पोरगा बरोबर दारात येतो. तक्रार केली की मात्र त्यांना आपलं मुख्य ऑफिस आठवतं.

पूर्वी त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरंही होतं. 1986 च्या ग्राहक कायद्यात तक्रार करायची ती समोरची पार्टी जिथं राहते, धंदा करते, किंवा तक्रारीचं कारण जिथं घडलं तिथं. दुकानातून माल घेण्याच्या काळात ते चालून गेलं. गणपत गल्लीत मिक्सर घेतला, तो बिघडला, दुकानदार बेळगावचा, दावा बेळगावात. पण मोबाइलवरून मागवलेल्या मालाचं 'कारण' नेमकं घडलं कुठं, ह्यावर वकिलांनी वर्षं खाल्ली. मग 2019 चा नवा कायदा आला आणि 20 जुलै 2020 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 34 मध्ये एक साधी भर घातली आहे: तक्रार करणारा जिथं राहतो किंवा स्वतः पोटापाण्याचं काम करतो, त्या जिल्ह्यातही त्याला तक्रार दाखल करता येते. माझ्या मते ह्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि सीमाभागात तिची चर्चा सगळ्यात कमी झाली. कंपनी गुरुग्रामची असो की परदेशातली, तुम्ही बेळगाव जिल्ह्यात राहता म्हटल्यावर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तिला उत्तर द्यावं लागतं. 'सर्व वाद अमुक शहराच्या लवादापुढे' असं अटींच्या जंगलात लिहिलेलं असतं. त्याला घाबरायचं कारण नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं (तेव्हाच्या ग्राहक मंचाचं) दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2018 साली एमार एमजीएफ ह्या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सांगून टाकलेलं आहे.

बाकीचे नियम भराभर सांगतो. तुम्ही मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार करायची मुदत 2 वर्षं. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. निकाल 3 महिन्यांत, आणि वस्तू तपासायला पाठवावी लागली तर 5 महिन्यांत द्यायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, वर्षं जातात, हेही सांगितलं पाहिजे. तरी धीर सोडू नका. आपला सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. फ्रिजच्या दाव्याला तेवढं आयुष्य लागत नाही.

आता एक प्रकरण जवळून बघू. वडगावातला एक विणकर. घरालगतच्या शेडमध्ये दोन माग. एक तो चालवतो, एक त्याची बायको. लाइट सारखी जाते म्हणून त्यानं इन्व्हर्टर आणि बॅटरी ऑनलाइन मागवली. महिनाभरात बॅटरी चार्ज घेईना. विकणाऱ्या प्लॅटफॉर्मवर तक्रार केली तर म्हणे, आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेत्याला विचारा. विक्रेत्याचा फोन लागेना. बॅटरीवाल्या कंपनीनं सांगितलं, तुमचा वापर धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक ह्या व्याख्येतच बसत नाही.

दोन्ही उत्तरं ऐकायला ठाम वाटतात आणि दोन्ही लंगडी आहेत. शेवटचं आधी घेऊ. धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, हे बरोबर. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर तो व्यापारी वापर धरायचा नाही. दोन मागांवर नवरा-बायको स्वतः बसतात, ह्याहून स्वच्छ स्वयंरोजगार कुठला? पिठाच्या गिरणीची मोटर, रिक्षा, शिलाई मशीन, सगळ्यांना हे लागू पडतं. शहापूर-वडगावच्या विणकरांनी तर हे स्पष्टीकरण पाठ करून ठेवावं.

आता मध्यस्थाचं. ई-कॉमर्सचे नियम 2020 सालीच आले. प्लॅटफॉर्मला विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क दाखवावा लागतो. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तुमची तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. म्हणून चॅटवर त्या यंत्राशी गप्पा मारत बसू नका. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे ते शंभर वेळा म्हणेल, त्याला काय जातंय? तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधून लेखी पाठवा.

त्या विणकराच्या पत्रात आम्ही फार काही लिहिलं नाही. ऑर्डर नंबर, बिलाची तारीख, रक्कम, बॅटरीचा सिरियल नंबर, बिघाड कधी दिसला, कुणाशी काय बोलणं झालं. मग एक ओळ: 'माग आम्ही दोघं स्वतः चालवतो, नोकर नाही.' मग मागणी: बॅटरी बदलून द्या किंवा पैसे परत द्या, 15 दिवसांत, नाहीतर बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. हे पत्र ईमेलनं तिघांनाही गेलं आणि कंपनीला रजिस्टर पोस्टानंही गेलं. बॅटरी बदलून आली, दाव्याची वेळच आली नाही. दर वेळी असंच होतं असं नाही. पण कंपनीच्या माणसालाही हिशेब कळतो. बेळगावात वकील उभा करायचा, तारखेला माणूस पाठवायचा, ह्यापेक्षा त्याला बॅटरी स्वस्त पडते.

हे पत्र कुठल्या भाषेत, असं कुणीतरी विचारणारच. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्याच्या किंवा केंद्राच्या अधिकाऱ्याला तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. आयोगापुढं जाताना मात्र माझा व्यवहारी सल्ला वेगळा आहे. कन्नड किंवा इंग्रजीत लिहून न्या, शेजाऱ्याकडून लिहून घ्या. भाषेचा लढा वेगळा आणि बॅटरीचा वेगळा. एकाच अर्जात दोन्ही लढायला गेलं की बॅटरी राहते बाजूला. आणि तो कन्नड शेजारीही ह्याच कंपन्यांनी गांजलेला आहे बरं का. त्याचा पोरगा पुण्यात नोकरीला असेल तर तोही हेच कलम 34 वापरून पुण्यात दावा लावू शकतो.

दुसरी गोष्ट फसवणुकीच्या नव्या तऱ्हेची. समजा शुक्रवारी रात्रीची बेळगाव-पुणे गाडी तुम्ही ॲपवर बघताय. भाडं 700. सीट निवडली, नाव-वय भरलं, आणि शेवटच्या पानावर 790! मधे काय झालं? सोयीचं शुल्क आलं, प्रवासाचा विमा आपोआप टिक झाला, पाच-दहा रुपये देणगीही चढली. वर लाल अक्षरात 'फक्त 2 सीट उरल्या'. विमा नको म्हटलं तर बटण काय म्हणतं? 'मी धोका पत्करायला तयार आहे.' म्हणजे नको म्हणणाऱ्यालाच ओशाळं करायचं. ह्या प्रकारांना इंग्रजीत डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला ह्यातले 13 प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. आधीच टिक केलेली खूण तर 2020 च्या नियमांतच मना आहे. तरी ती दिसते, कारण 40 रुपयांसाठी तक्रार करणार कोण? लाखो लोकांचे चाळीस-चाळीस रुपये, हाच तो धंदा. इथं आयोगात जाऊ नका, वेळ वाया जाईल. स्क्रीनशॉट काढा आणि 1915 वर तक्रार नोंदवा. अशा तक्रारींचा ढीग झाला की प्राधिकरणाला हलावंच लागतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ओला कंपनीला त्यांनी आदेश दिला की परताव्याचे पैसे कूपनात घ्यायचे की बँक खात्यात, हे ग्राहकाला निवडू द्या. तोवर पैसे परत म्हणजे पुढच्या फेरीचं कूपन, असा मामला होता.

मॉलमध्ये बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तोही तसलाच प्रकार. नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणाले तर शांतपणे सांगा, द्यायचा नाही. त्यासाठी अडवू नका, असं ग्राहक खात्यानं 2023 साली दुकानदारांना कळवलेलं आहे.

पैशांचं थोडं बोलतो, ते माझं जुनं खातं. यूपीआयनं दुकानदाराला पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले, त्याला मिळाल्याचं दिसलं नाही. अशा वेळी व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. माणसानं माणसाला पाठवलेले असतील तर दुसऱ्याच दिवशी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक सप्टेंबर 2019 चं आहे. न मागता द्यायची भरपाई न मागता मिळालेली मी फारशी बघितली नाही, म्हणून मागा. बँकेनं महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, फोन 14448. आणि खात्यातून कुणी परस्पर पैसे उडवले तर आधी 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग लगेच बँकेला लेखी. तुमची चूक नसेल आणि 3 कामाच्या दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेनं चार दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग.

कर्जाचं सांगून आवरतो, कारण समोर महिला संघाच्या बऱ्याच बायका बसल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात हप्तेवाल्यांच्या वसुलीनं काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तो उगाच नव्हे. पण वसुलीच्या आधी सही असते. सही करताना समोर काय असतं? इंग्रजीतली पंधरा पानं, नाहीतर मोबाइलवर एक हिरवं बटण. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2024 मध्ये नियम केला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांना तो लागू आहे. बँक असो की फायनान्स कंपनी, कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात द्यायची: वर्षाचा सगळा खर्च धरून व्याज किती, हप्ते किती, बाकीचे आकार कोणते. ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, त्याला समजावून सांगायला हवं आणि समजल्याची पोच घ्यायला हवी. राज्याच्या भाषेत असं तिथं म्हटलेलं नाही, कर्जदाराला समजेल त्या भाषेत म्हटलंय. खानापूरच्या बाईला मराठी समजते तर मराठीत, गोकाकच्या बाईला कन्नड समजते तर कन्नडमध्ये. मोबाइल ॲपवरच्या कर्जालाही असं पत्रक लागतं. शिवाय तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो चाळायला त्या ॲपला मनाई आहे. ते मागितलं की तिथंच थांबायचं.

हीच भाषेची सोय आपल्या खासगी माहितीच्या बाबतीतही येते आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की तुमची माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला मिळाला पाहिजे. ह्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, मराठीही आहे आणि कन्नडही. तुमचा पिनकोड 59 नं सुरू होतो की 41 नं, ह्याचा तिथं संबंध नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हे बंधन पाळायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. मुदत संपल्यावर कंपन्या 'कर्नाटकात कन्नड, बाकी इंग्रजी' अशी शॉर्टकट मारतील, असा माझा संशय आहे. त्या वेळी सगळ्यात आधी तक्रार आपल्याकडूनच जायला हवी.

पत्राचा मराठी नमुना आणि त्याचंच कन्नड रूप, दोन्हीच्या झेरॉक्स दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. घेऊन जा. आता प्रश्न विचारा, आणि कुणी बिल बरोबर आणलं असेल तर आधी त्यांचं बघू.